सीटमागचा 10 इंची स्क्रीन: घ्यावा का, आणि बसवावा कसा

डॅशबोर्डवरच्या अँड्रॉइड स्टिरिओवर टीव्ही बघायचा बेत असेल तर सोडून द्या. हेडरेस्टमागे टांगायचा स्क्रीन घ्या. मागच्यांना दिसतो, ड्रायव्हरला नाही.

स्टिरिओच्या वायरिंगमध्ये हँडब्रेकची एक वायर असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच व्हिडिओ चालावा, यासाठी ती. ‘पाच मिनिटांत करून देतो’ म्हणणारा फिटिंगवाला ती सरळ गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडून अर्थ (अर्थिंग) करतो. स्टिरिओला वाटतं गाडी उभीच आहे, आणि समृद्धीवर 120 च्या वेगात ड्रायव्हरसमोर मालिका सुरू! मोटार वाहन कायद्याचं कलम 184, धोकादायक ड्रायव्हिंगचं, इथे लागू शकतं: पहिल्या वेळी 1000 ते 5000 रुपये दंड, सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. हातातल्या मोबाइललाही 1 ऑक्टोबर 2020 पासून नियमात फक्त नकाशावर रस्ता बघण्यापुरती सूट आहे.

घेण्याआधी हेडरेस्टच्या दोन दांड्यांमधलं अंतर मोजून ब्रॅकेटशी ताडून बघा. हेडरेस्ट सीटमध्येच घडवलेलं असेल तर बहुतेक ब्रॅकेट बसतच नाहीत. स्क्रीन नजरेच्या रेषेत हवा. पोरगं मान खाली घालून बघत राहिलं की बीडजवळचा मांजरसुंब्याचा घाट लागेपर्यंत उलटी ठरलेली.

वायरिंगमध्ये पिवळी कायम चालू, लाल चावीवरची, काळी अर्थ. लाल वायर पिवळीलाच जोडली तर गाडी बंद केल्यावरही स्क्रीन करंट खात राहतो. गाडी चार दिवस उभी राहिली की सेल्फ उचलत नाही. गाडीची मूळ वायर कापू देऊ नका, कपलर (न कापता वायर जोडायचा प्लग) मागा. 5 अँपियरचा फ्यूज हवाच.

लाइव्ह टीव्हीसाठी गाडीवर डिशची छत्री लावायचं मनात आणू नका. फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला. छत्री दोन-चार अंश हलली की सिग्नल गेला, आणि गाडी तर प्रत्येक वळणावर फिरते. राहिला मोबाइलचा हॉटस्पॉट. 480पी ठेवलं तर तासाला साधारण पाऊण जीबी, म्हणजे रोजचा दीड जीबीचा पॅक दोन तासांत संपला. संभाजीनगर ते तुळजापूर त्यात भागत नाही, शिवाय टॉवर बदलताना चित्र अडकतं ते वेगळंच. त्यापेक्षा पेनड्राइव्ह बरा. तो फॅट32 या फॉरमॅटचा असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. स्वस्त स्क्रीन एच.265 प्रकारच्या व्हिडिओ फाइल नीट वाचत नाहीत: आवाज येतो, पडदा काळा. निघण्याआधी घरीच लावून बघा.

एप्रिल-मेमध्ये गाडी उन्हात लावली की स्क्रीन काढून सीटखाली ठेवा. ब्रॅकेट राहू द्या.