बॉब नाइट की डीन स्मिथ? पोराला कुणाच्या हाती द्यायचं

अमेरिकेतल्या मराठी घरांत अकरावी-बारावीच्या सुमारास हल्ली एक नवा पेच उभा राहतो. मुलगी टेनिस चांगली खेळते, मुलगा पोहण्यात पुढे आहे, आणि दोन-तीन कॉलेजांचे कोच फोन करायला लागतात. भारतातून थेट येणारेही आहेत. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली आणि पुढे २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. आईवडील कॉलेजचं नाव बघतात, शिष्यवृत्तीचा आकडा बघतात, थंडी किती पडते तेही बघतात. कोचची चौकशी मात्र ‘सर कडक आहेत’ किंवा ‘सर स्वभावाने चांगले आहेत’ इथेच संपते.

मी कोच नाही, कॉलेज बास्केटबॉलचा जुना चाहता आहे. चाहत्याला एक सवय असते, हरल्यावर दोष कुणाचा यावर रात्र काढायची. त्या सवयीतून माझं एक मत पक्कं झालंय: कोच कडक आहे की प्रेमळ, यावरून फारसं काही कळत नाही. चूक झाली की ती कुणाच्या खात्यावर पडते आणि कोणता निर्णय खेळाडूचा स्वतःचा असतो, यावरून कळतं. हे दाखवायला इंडियाना विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच बॉब नाइट आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे डीन स्मिथ यांच्याइतकी सोयीची जोडी नाही. दोघेही आज हयात नाहीत. पण तुम्हाला फोन करणारा कोच थोडाफार या दोघांपैकी एकाच्या वळणाचा निघतो, खेळ कोणताही असो.

कामगिरीने निवड करता येत नाही

नाइट १९७१ ते २००० इंडियानात होते. १९७६, १९८१ आणि १९८७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं. त्यातलं १९७६ चं ३२-० असं, एकही सामना न हरता. पुरुषांच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या पातळीवर, ते त्यानंतर कुणालाच जमलेलं नाही. स्मिथ १९६१ ते १९९७, छत्तीस हंगाम, ८७९ विजय, १९८२ आणि १९९३ ची दोन विजेतेपदं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकचं सुवर्ण स्मिथांच्या हाताखाली आलं, १९८४ च्या लॉस एंजेलिसचं नाइटांच्या. दोघांचेही खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडायचे, ही त्या काळातही गृहीत धरण्यासारखी गोष्ट नव्हती. म्हणजे ‘निकाल कोण देतो’ या कसोटीवर दोघंही पास. पुढे बघू.

रोजचा सराव

नाइटांचा सराव म्हणजे धाक. शिव्या, आरडाओरडा, सरावातून हाकलून देणं. गंमत अशी, की त्यांची आक्रमणाची पद्धत खेळाडूला भरपूर मोकळीक देणारी होती. मोशन ऑफेन्समध्ये ठरवून दिलेल्या चाली जवळपास नसतात. समोरचा बचाव कसा हलतोय ते वाचायचं, सोबत्यासाठी आडोसा धरायचा, जागा करायची, आणि पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते त्या क्षणी स्वतः ठरवायचं. पाचही जणांना डोकं चालवावं लागतं. नाइट विचार करणारा खेळाडू घडवत, आणि तो विचार चुकला की त्याची सगळ्यांदेखत सालटी काढत. ज्यांची कातडी जाड ती पोरं यातून फार हुशार होऊन निघाली. १९८७ च्या संघाचा आधारस्तंभ स्टीव्ह आल्फर्ड त्यातलाच. बाकीच्यांचं काय झालं, ते विजेतेपदांच्या यादीत दिसत नाही.

स्मिथांची शिस्त वेगळ्या जातीची. त्यांचे काही नियम वरवर किरकोळ वाटतात आणि मी आजही नवख्यांना तेच आधी सांगतो. बास्केट झाली की ज्याने पास दिला त्याच्याकडे बोट दाखवायचं. आज जगभर दिसणारी ही खूण रुजवली त्यांनी. दुसरा नियम मला त्याहून मोलाचा वाटतो. खेळाडू दमला की त्याने मूठ वर करायची; स्मिथ त्याला बाहेर घेत, आणि पुन्हा आत कधी जायचं हे तो खेळाडू स्वतः ठरवत असे. पण मूठ वर न करता तो दमून रेंगाळताना दिसला आणि कोचनेच बाहेर काढलं, तर परत पाठवायची वेळ कोच ठरवणार.

यात सगळा करार आला. खरं सांगितलंस तर अधिकार तुझा, लपवलंस तर माझा. वीस वर्षांच्या मुलाला जबाबदारी शिकवायची याहून नेमकी युक्ती माझ्या पाहण्यात नाही, आणि त्यासाठी एकदाही आवाज चढवावा लागत नाही.

स्मिथ मऊ होते असं मात्र समजू नका. १९८१ च्या हंगामाआधी स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडच्या मुखपृष्ठासाठी संघाचा फोटो काढायचा होता. पहिल्या वर्षाच्या एका पोराला त्यांनी फोटोत उभं राहू दिलं नाही. नवख्याने आधी खेळून दाखवावं, असा त्यांचा दंडक. पोराचं नाव मायकल जॉर्डन.

चूक झाल्यावर

स्मिथांच्या दोन्ही विजेतेपदांत प्रतिस्पर्धी खेळाडूची एकेक घोडचूक आहे, आणि चाहत्यांनी या दोन चुकांवर आयुष्यं घालवली आहेत.

१९८२ ची अंतिम लढत, न्यू ऑर्लिन्स. जॉर्डनच्या बास्केटने नॉर्थ कॅरोलायना ६३-६२ असं पुढे गेलं. काही सेकंद उरलेले, चेंडू जॉर्जटाउनच्या फ्रेड ब्राउनकडे, आणि त्याने तो सरळ विरोधी संघाच्या जेम्स वर्दीच्या हातात दिला. सामना तिथेच संपला. कॅमेरे ब्राउनवर आले तेव्हा जॉर्जटाउनचे धिप्पाड कोच जॉन थॉम्प्सन त्याला मिठीत घेऊन उभे होते.

१९९३, पुन्हा न्यू ऑर्लिन्स. मिशिगन दोन गुणांनी मागे, ११ सेकंद बाकी. कोपऱ्यात दोघांच्या पहाऱ्यात अडकलेल्या मिशिगनच्या क्रिस वेबरने टाइमआउट, म्हणजे खेळ थोडा वेळ थांबवण्याची सवलत, मागितला. संघाकडे एकही शिल्लक नव्हता. त्याबद्दल टेक्निकल फाउलची शिक्षा, नॉर्थ कॅरोलायनाला फ्री थ्रो, आणि सामना ७७-७१ असा गेला. वेबरने नंतर पत्रकारांसमोर दोष स्वतःवर घेतला, आणि लोकांनी तो वर्षानुवर्षं त्याच्याच माथी ठेवला.

माझ्या लेखी या दोन चुकांची जात वेगळी आहे. ब्राउनचा पास ही नजरेची चूक. कुठलाही सराव ती शून्यावर आणू शकत नाही. टाइमआउट किती उरले हे मात्र माहितीचं काम आहे. ती माहिती पाचही जणांच्या डोक्यात बसवणं बाकावरच्या कोचांचं काम, ऐन गडबडीत ती आठवणं खेळाडूचं. दोष वाटून घ्यायला हवा. तुमच्या पोराचा कोच ही वाटणी कशी करतो, एवढंच बघायचं असतं. ‘आमच्या अमक्याने सामना घालवला’ असं जाहीरपणे म्हणणारा कोच मला चालत नाही, मग तो कितीही जिंको. हरल्यावर स्वतःकडे बोट आणि जिंकल्यावर पोरांकडे, हा स्मिथांचा शिरस्ता होता. नाइट पत्रकारांवर डाफरत, पंचांवर डाफरत, आणि स्वतःच्या खेळाडूंनाही सोडत नसत. २३ फेब्रुवारी १९८५ ला पर्ड्यूविरुद्ध त्यांनी लाल खुर्ची कोर्टवर भिरकावली, ते दृश्य तुम्ही कुठेतरी पाहिलं असेलच. त्यावर एका सामन्याची बंदी. तीच गोष्ट एखाद्या खेळाडूने केली असती तर त्याच नाइटांनी त्याचं काय केलं असतं, याचा विचार करा.

आमनेसामने

दोघांची गाठ मोठ्या मंचावर पडली तेव्हा नाइट भारी ठरले, हे स्मिथांच्या बाजूने बोलणाऱ्याने लपवू नये. १९८१ चा अंतिम सामना इंडियानाने ६३-५० असा जिंकला. (त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला होता आणि सामना होणार की नाही हेच ठरत नव्हतं.) १९८४ च्या राष्ट्रीय स्पर्धेत अटलांटात तर पहिल्या मानांकनाचा नॉर्थ कॅरोलायना, जॉर्डनसकट, ७२-६८ ने गारद. त्या सामन्यात जॉर्डनला लवकर दोन फाउल लागले आणि स्मिथांनी त्याला पहिल्या सत्राचा बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं. पाच फाउल झाले की खेळाडू सामन्यातून बाद होतो, म्हणून दोन फाउल झालेल्याला जपायचं, हा नियम. नियम सर्वांना सारखा हे ठीक, पण हाताशी मायकल जॉर्डन असताना त्याच्या अकलेवर थोडा भरवसा टाकला असता तर? मूठ वर करायचा हक्क देणारा माणूस इथे हात आखडता घेतो. स्मिथांच्या पद्धतीची ही मर्यादा: नियमावर श्रद्धा इतकी की कधीकधी माणूस मागे पडतो.

त्याच वर्षी उन्हाळ्यात जॉर्डन नाइटांच्या ऑलिंपिक संघात खेळला. पुढे दिग्गज ठरलेल्या चार्ल्स बार्कली आणि जॉन स्टॉक्टन यांना मात्र नाइटांनी निवड शिबिरातून घरी पाठवलं होतं. सुवर्ण आलंच.

डाग

१९९७ च्या एका सरावात नाइटांचा हात नील रीड या खेळाडूच्या गळ्यापर्यंत गेला. रीडने सांगितलं तेव्हा अनेकांनी त्यालाच खोटं ठरवलं. २००० मध्ये सरावाची चित्रफीत टीव्हीवर आली. विद्यापीठाने ‘यापुढे एकही प्रकार खपवून घेणार नाही’ अशी ताकीद दिली, आणि काही महिन्यांतच एका विद्यार्थ्याचा दंड धरल्याच्या प्रकरणावरून सप्टेंबर २००० मध्ये नाइटांची हकालपट्टी झाली. विद्यापीठाच्या गावी, ब्लूमिंग्टनमध्ये, हजारो विद्यार्थी त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. जिंकणाऱ्या माणसाला आपण चाहते किती सूट देतो, याचा तो जाहीर हिशेब होता.

आणि याच माणसाची दुसरी बाजूही खरी आहे. १९८१ च्या विजेत्या संघातला लँडन टर्नर त्या उन्हाळ्यात मोटार अपघातात लुळा झाला. नाइटांनी त्याच्यासाठी निधी उभा केला आणि पुढच्या हंगामात त्याला कर्णधार म्हणून जाहीर केलं. प्रेम नव्हतं असं म्हणताच येत नाही. प्रेमाने गळ्यापर्यंत गेलेला हात माफ होतो का, एवढंच ठरवायचं आहे. माझं उत्तर नाही असं आहे.

स्मिथांच्या पारड्यातही एक खडा आहे. नॉर्थ कॅरोलायनात १९९३ ते २०११ या काळात जवळपास वर्गच न भरणारे अभ्यासक्रम चालले आणि ३,१०० च्या आसपास विद्यार्थ्यांना, त्यांत बऱ्याच खेळाडूंना, त्यांचा फायदा मिळाला, असं २०१४ च्या चौकशी अहवालात आलं. यातली बहुतेक वर्षं स्मिथ निवृत्त झाल्यानंतरची, पण सुरुवातीची त्यांच्याच कारकिर्दीतली. तेव्हा ‘आमच्याकडे सगळे पदवीधर होतात’ हे वाक्य कुणीही टाकलं की पुढचा प्रश्न विचारा: कोणत्या विषयात?

मग तुम्ही काय करायचं

एक फरक आधी लक्षात घ्या. नाइटांच्या काळात कोच पटला नाही तर कॉलेज बदलणं महागात पडायचं. पहिल्या डिव्हिजनमध्ये दुसरीकडे गेल्यावर सहसा एक वर्ष न खेळता काढावं लागे. पुढे दिग्गज ठरलेला लॅरी बर्ड १९७४ मध्ये नाइटांच्या इंडियानाला आला, काही आठवड्यांत घरी परतला, आणि मग इंडियाना स्टेटकडून खेळून १९७९ ला संघाला अंतिम सामन्यात घेऊन गेला. आता २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, आहे, वर्षभर थांबायची अटही गेली. आपलं नाव, छबी जाहिरातीत वापरू देण्याचे पैसे जुलै २०२१ पासून खेळाडूला घेता येतात, आणि २०२५ च्या न्यायालयीन समझोत्यानंतर कॉलेजंही थेट वाटा देऊ शकतात. (एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर या पैशांना हात लावण्याआधी वकील गाठा.) धाकाने चालणाऱ्या कोचकडून पोर उठून जाऊ शकतं, ही चांगली गोष्ट. पण त्याच दाराने जबाबदारीही निसटते. बाकावर बसवलं की पोर्टल, ओरडा बसला की पोर्टल, असं होऊ लागलं तर मूठ वर करायची सवय लागणार कधी? तेव्हा संघातून दरवर्षी किती जण जातात ते विचाराच, आणि जमलं तर गेलेल्यांपैकी एकाशी बोला. गेलेला खेळाडू राहिलेल्यांपेक्षा जास्त मोकळं बोलतो.

कॉलेज बघायला जाल तेव्हा सामना चुकला तरी चालेल, सराव चुकवू नका. कुणीतरी ढोबळ चूक करेपर्यंत बसा. त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात कोच चुकीबद्दल बोलतो की पोराबद्दल, ते ऐका. दुखतंय किंवा दमलोय असं सांगणाऱ्याला पुढच्या सामन्यात बसवलं जातं का, हे सिनियर मुलांना विचारा. टेनिस, पोहणं, गोल्फसारख्या खेळांत हे जास्त महत्त्वाचं. तिथे संघ लहान, पैसा कमी, वर्तमानपत्रांचं लक्ष शून्य, त्यामुळे कोचवर बाहेरून वचक जवळपास नसतो.

नाइटांच्या वळणाचा कोच कुणाला चालेल? ज्याला टीका अंगाला न लावता त्यातला मुद्दा उचलता येतो, जो घरी फोन करून खरं सांगतो, आणि ज्याला खेळातच पुढे जायचंय अशा पोराला, तेही कोच हात उचलत नाही याची खात्री करून. घुमं, मनात ठेवणारं पोर असेल तर तिकडे फिरकू नका. शिष्यवृत्ती दुप्पट असली तरी नाही. मला निवडायचं असेल तर मी दहातल्या आठ पोरांना स्मिथांच्या वळणाच्या कोचकडे पाठवीन. उरलेल्या दोघांपैकी एकाला नाइटांकडे. आणि एकाला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, जिथे खेळाची शिष्यवृत्तीच नसते आणि कोचच्या हातात पोराची फी नसते.

स्मिथ फेब्रुवारी २०१५ मध्ये गेले. त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांच्या जुन्या खेळाडूंच्या घरी पाकिटं आली. संघात नियमित खेळलेल्या प्रत्येकाला, जॉर्डन असो की बाकावर बसून कारकीर्द काढलेला असो, मृत्युपत्रातून दोनशे डॉलर, बाहेर छान जेवायला जा म्हणून. रक्कम सगळ्यांना सारखी होती. ज्या कोचशी तुमचं बोलणं चाललंय, त्याला संघातल्या बाराव्या, म्हणजे क्वचितच खेळणाऱ्या खेळाडूचं नाव, गाव आणि त्याचा मुख्य विषय विचारून बघा.