ठाण्यातील एका समुपदेशन केंद्राची आठ आठवड्यांची इंटर्नशिप : मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीचा अभिप्राय

मी मानसशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि ऐरोलीला राहते. गेल्या उन्हाळ्यात नौपाड्यातील एका खासगी समुपदेशन केंद्राने चालवलेली आठ आठवड्यांची सशुल्क इंटर्नशिप मी पूर्ण केली. शुल्क ९,५०० रुपये होते. केंद्राचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ते लहान आहे, तेथे येणारी बहुतेक कुटुंबे जवळपासचीच आहेत आणि पुढे मी ज्या मुलाविषयी लिहिणार आहे त्याची ओळख कोणाला पटू नये अशी माझी इच्छा आहे. त्याच्याविषयीचे काही तपशीलही मी बदलले आहेत. शिवाय अशा सशुल्क इंटर्नशिप आता ठाण्यापासून पनवेलपर्यंत अनेक ठिकाणी चालतात, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी काय तपासून पाहावे, हे नाव न सांगताही विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल असे मला वाटते.

माहितीपत्रकात चार गोष्टींचे आश्वासन होते : प्रत्यक्ष समुपदेशनाचा अनुभव, मानसशास्त्रीय चाचण्यांचे प्रशिक्षण, दर आठवड्याला दोन तास सुपरव्हिजन (म्हणजे आपले काम अनुभवी मानसशास्त्रज्ञाकडून तपासून घेणे) आणि करिअर मार्गदर्शन. प्रवेशासाठी मुलाखत नव्हती. ज्याने शुल्क भरले त्याला जागा मिळाली. आमच्या तुकडीत चौदा जण होतो, त्यांत पदवीच्या तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी होते आणि एम.ए. पूर्ण केलेलेही होते. ज्याने अजून केस हिस्टरी कशी घेतात हे वर्गातही पाहिलेले नाही आणि ज्याने ती दहा वेळा लिहिली आहे, अशा दोघांना एकत्र शिकवणे कोणत्याही शिक्षकाला अवघड जाईल, आणि पहिले दोन आठवडे तेच झाले.

महाविद्यालयात लॉगबुक ठेवण्याची सवय लागली असल्यामुळे मी येथेही रोजच्या तासांची नोंद ठेवली. एकूण ११२ तास भरले. त्यांपैकी ३० तास व्याख्यानांत गेले, ३४ तास समाजमाध्यमांसाठीची पोस्टर, फोनवरच्या अपॉइंटमेंट आणि फायली लावणे यांत गेले, २६ तास चाचण्या पाहण्यात व त्यांचे गुणांकन करण्यात गेले, १४ तास सुपरव्हिजनला मिळाले आणि उरलेले ८ तास आम्ही नुसते बसून होतो. सुपरव्हिजनचे आश्वासन सोळा तासांचे होते, म्हणजे दोनच तास कमी पडले, आणि ते का कमी पडले हेही आम्हाला आधी सांगितले गेले होते. या बाबतीत केंद्राने शब्द पाळला, असेच मी म्हणेन.

चाचण्यांचे २६ तास आणि सुपरव्हिजनचे १४ तास, एवढ्या चाळीस तासांसाठीच ही इंटर्नशिप करावी, असे माझे मत आहे. एम.ए.च्या प्रात्यक्षिकांत आपण चाचणी एकमेकांवर करतो. समोर वर्गमैत्रीण बसलेली असते, तिला सूचना आधीच ठाऊक असतात आणि ती घड्याळाकडे पाहून हसते. समोर सात वर्षांचे मूल बसले, दाराबाहेर त्याची आई थांबलेली असली आणि या चाचणीवरून त्याच्या शाळेबद्दलचा निर्णय व्हायचा असला, की तीच चाचणी वेगळी होते.

सेगिन फॉर्म बोर्ड या लहान मुलांच्या बुद्धिमापन चाचणीचे उदाहरण देते. लाकडी पाटावर दहा आकारांचे खाचे असतात आणि त्यांत बसणारे दहा लाकडी ठोकळे ठरावीक क्रमाने तीन ढिगांत मुलासमोर रचून ठेवायचे असतात. मुलाने ते शक्य तितक्या लवकर जागच्या जागी बसवायचे असतात. तीन वेळा वेळ घेतली जाते आणि त्यांतील सर्वांत कमी वेळ गुणांकनासाठी धरली जाते. पालकांच्या लेखी परवानगीने आणि सुपरव्हायझर मॅडमच्या देखत, पाचव्या आठवड्यात मला ही चाचणी एका मुलावर करायला मिळाली. पहिल्या प्रयत्नात त्याने चांदणीचा ठोकळा अधिक चिन्हाच्या खाचेवर ठेवला, तो बसेना म्हणून दाबला, मग फिरवून पुन्हा दाबला आणि शेवटी माझ्याकडे पाहिले. मी नकळत मान हलवली. दुसऱ्या प्रयत्नात तो प्रत्येक ठोकळ्याआधी माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागला.

त्या शनिवारी मॅडमनी माझा तक्ता हातात घेतला आणि विचारले, “तिन्ही प्रयत्नांच्या वेळा व्यवस्थित लिहिल्या आहेस, पण मूल काय करत होते ते कुठे आहे?” मी सेकंद मोजले होते, तो कोणत्या आकाराशी अडला, चूक लक्षात आल्यावर त्याने ती स्वतः सुधारली की मदतीची वाट पाहिली, कोणता हात वापरला, यांपैकी काहीच लिहिले नव्हते. माझ्या मान हलवण्यानेच त्याला उत्तर माझ्या चेहऱ्यावर शोधायला शिकवले होते, हे मॅडमनी मला शांतपणे, पण स्पष्ट शब्दांत समजावले. त्या एका तासात मी जे शिकले ते तीस तासांच्या व्याख्यानांत शिकले नाही. पुढच्या आठवड्यात तो तक्ता मी निरीक्षणांसह पुन्हा लिहिला आणि त्यांनी तो ओळ न् ओळ तपासून परत दिला.

बिने-कामत चाचणी आणि मालिन यांची मुलांसाठीची चाचणी, या दोन्ही बुद्धिमापन चाचण्या आम्ही फक्त पाहिल्या. कामत यांनी बिने चाचणीचे रूपांतर मराठी आणि कन्नड मुलांसाठी केले आणि मालिन यांनी वेक्स्लर यांच्या चाचणीला नागपुरात भारतीय रूप दिले. या दोन्ही चाचण्यांची मानके, म्हणजे ज्यांच्याशी मुलाच्या गुणांची तुलना होते ते आकडे, अनेक दशकांपूर्वीची आहेत, म्हणून अहवालात बुद्ध्यांकाचा आकडा एकटा सोडू नये, त्याच्या शेजारी मुलाची शाळा, घरची भाषा आणि चाचणीच्या दिवशीची तब्येत लिहावी, असा मॅडमचा आग्रह असे. मूल रोजची कामे स्वतः किती करते हे मोजणाऱ्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीसाठी आईशी बोलताना माहिती कशी काढतात, हेही येथेच पाहायला मिळाले. “तो स्वतः जेवतो का?” असे विचारले की बहुतेक आया “हो” म्हणतात, “काल रात्री वरण-भात कोणी कालवून दिला?” असे विचारले की खरे काय ते कळते.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे अहवाल मराठीत समजावून सांगण्याचा सराव. आपण सारे इंग्रजीत शिकतो, अहवालही इंग्रजीत लिहितो आणि समोर बसलेले पालक मात्र मराठीत घाबरलेले असतात. अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी अडचण) हा शब्द नुसता उच्चारला की आईच्या मनात ‘मतिमंद’ हा शब्द येतो आणि पुढचे काहीच तिला ऐकू जात नाही. “मॅडम, तो आळशी नाही ना?” असे एका आईने विचारले तेव्हा मॅडम म्हणाल्या, “नाही ताई. त्याची बुद्धी चांगली आहे. अक्षरे ओळखायला त्याला इतरांपेक्षा जास्त कष्ट पडतात, आणि ते कष्ट वहीत दिसत नाहीत.” त्यानंतर प्रत्येक अहवालाचा शेवटचा परिच्छेद मराठीत लिहून मोठ्याने वाचून दाखवायचा, असे त्यांनी आम्हाला सांगितले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. परंतु परीक्षेतील सवलतींसाठी लागणारे प्रमाणपत्र शासनाने नेमलेल्या रुग्णालयातूनच घ्यावे लागते, खासगी केंद्राचा अहवाल त्याला पुरत नाही, हेही पालकांना पहिल्याच भेटीत सांगितले जाई. पालकांकडून पैसे घेण्याआधी हे सांगणारे केंद्र मला आदरणीय वाटते.

पोस्टरच्या कामाबद्दल मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. ३४ तास हा फार मोठा वाटा आहे आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नव्हता. शुल्क भरून आलेल्या विद्यार्थ्याने केंद्राची जाहिरात करावी, हे मला योग्य वाटत नाही. त्यातच तिसऱ्या आठवड्यात एका पोस्टरमध्ये चाचणीच्या साहित्याचा फोटो टाकला गेला. चाचणीतील प्रश्न आणि चित्रे सर्वांना दिसली तर ती चाचणी निरुपयोगी होते, हे आपण पहिल्याच सत्रात शिकतो. मॅडमच्या लक्षात येताच तो फोटो तासाभरात काढला गेला, पण तोपर्यंत तो कितीतरी जणांनी पाहिला होता. हे काम ज्या व्यवस्थापकांकडे होते त्यांना मानसशास्त्राचे शिक्षण नव्हते आणि आमच्यापैकी कोणीही त्यांना थांबवले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

करिअर मार्गदर्शनाचे व्याख्यान तीन तासांचे होते आणि माझ्या मते संपूर्ण कार्यक्रमातील सर्वांत कमकुवत भाग तोच होता. क्रीडा मानसशास्त्र, गुन्हेगारी तपास, मोठ्या कंपन्यांतील मनुष्यबळ विभाग यांच्या आकर्षक स्लाइड होत्या. परंतु चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी लागते, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट एका ओळीत उरकली गेली. परिषदेचा कायदा १९९२ चा आहे, आणि मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्येही चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाच्या व्याख्येत परिषदेने मान्य केलेले शिक्षण आणि देखरेखीखालचे प्रशिक्षण यांचा उल्लेख आहे. नुसत्या एम.ए.वर, मग त्याला कितीही इंटर्नशिप जोडल्या तरी, ही पाटी लावता येत नाही. ‘एम.ए. नंतर दोन वर्षांचे एम.फिल.’ हा एकच मार्ग स्लाइडवर दाखवला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. बंद केल्यानंतर चिकित्सालयीन मानसशास्त्रापुरती २०२५-२६ पर्यंतच प्रवेशाची मुभा दिली होती आणि परिषदेने वेगळे अभ्यासक्रम आणले आहेत, याची कोणतीही दखल त्या स्लाइडमध्ये नव्हती. २०२१ च्या राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात इतर मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांचा समावेश झाला आहे, हेही कोणी सांगितले नाही. ज्या मुलीने पुढची चार वर्षे या माहितीवर आखायची आहेत, तिला जुनी स्लाइड दाखवणे हा मी मोठा दोष समजते.

ज्या नोकऱ्यांसाठी ठाण्यातला मराठी बोलणारा विद्यार्थी उत्तम उमेदवार ठरेल, त्यांचाही उल्लेख झाला नाही. शासकीय रुग्णालयांतील एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रे, किशोरवयीनांसाठीची मैत्री क्लिनिक, व्यसनमुक्ती केंद्रे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, १४४१६ या क्रमांकावर फोनवरून समुपदेशन देणारी शासनाची टेलिमानस सेवा, शाळांतील समुपदेशक, विशेष शाळा : या सर्व ठिकाणी माणसाशी त्याच्या भाषेत बोलता येणे हीच पहिली गरज असते. अनेक पदे कंत्राटी असतात आणि काही ठिकाणी समाजकार्याची पदवीही चालते, त्यामुळे स्पर्धा असते, हे खरे. पण तेथे एका वर्षात जितकी माणसे भेटतात तितकी वातानुकूलित खोलीत पाच वर्षांतही भेटत नाहीत.

पैसे भरण्याआधी आपल्याच भागात काय आहे ते पाहावे, असे मी आता कनिष्ठ विद्यार्थ्यांना सांगते. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था ठाण्यातच आहे. नवी मुंबईत खारघरला बौद्धिक दिव्यांगत्वावर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे आणि वाशीला महानगरपालिकेचे ईटीसी, म्हणजे दिव्यांग मुलांचे शिक्षण व प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे विद्यार्थ्यांना केव्हा आणि कोणत्या अटींवर घेतात, याची चौकशी विभागप्रमुखांचे पत्र घेऊन स्वतः जाऊन करावी. फोनवर मिळालेल्या नकारावर थांबू नये.

माझ्या केंद्राविषयी माझे मत असे, की एम.ए.चे पहिले वर्ष पूर्ण झालेल्या आणि चाचण्या शिकण्याची खरी इच्छा असलेल्या विद्यार्थ्याने ही इंटर्नशिप जरूर करावी, मात्र सुपरव्हिजनचे तास, सुपरव्हायझरची नोंदणी आणि जाहिरातीचे काम करावे लागेल की नाही, हे आधी लेखी घ्यावे. पदवीच्या विद्यार्थ्यांनी इतके शुल्क भरू नये. चार आठवडे आणि निम्मे शुल्क असते, तर मी कोणतीही अट न घालता शिफारस केली असती.

शेवटी प्रमाणपत्राबद्दल. त्यावर ‘११२ तासांच्या प्रत्यक्ष समुपदेशनाचा अनुभव’ असे छापून आले होते. मी एकाही व्यक्तीचे समुपदेशन केले नव्हते आणि करणे योग्यही ठरले नसते. मी लेखी अर्ज देऊन ‘निरीक्षण आणि देखरेखीखाली चाचणीचा सराव’ असा बदल मागितला. व्यवस्थापकांना प्रथम हे विचित्र वाटले, कारण प्रमाणपत्रावरचे शब्द कमी करून मागणारे त्यांच्याकडे आजवर कोणी आले नव्हते; मॅडमनी मात्र त्याच दिवशी सही केली. अकरा दिवसांनी बदललेले प्रमाणपत्र टपालाने ऐरोलीला आले. पुढच्या तुकडीचे माहितीपत्रक मी नुकतेच पाहिले. शुल्क ११,००० रुपये झाले आहे, तुकडी दहा जणांची केली आहे, आणि ‘प्रत्यक्ष समुपदेशनाचा अनुभव’ ही ओळ अजून तशीच आहे.