पोर्टलंड बिलचा वळसा: आतून की बाहेरून?

साउथॅम्प्टनला राहणाऱ्या माझ्या भाच्याने आपल्या शिडाच्या बोटीने डार्टमथपर्यंत जाण्याचा बेत कळवला, तेव्हा नांदेडच्या घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून आम्ही आधी एकच प्रश्न हाती घेतला: इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेटमध्ये पोर्टलंड बेटाच्या दक्षिण टोकाला असलेल्या पोर्टलंड बिल या भूशिराला वळसा किनाऱ्यालगतून घालावा की खुल्या समुद्रातून?

या भूशिराच्या दक्षिणेला समुद्रतळाचा खडकाळ उंचवटा आहे. उधाणाच्या दिवसांत सात नॉटपर्यंत (ताशी सात सागरी मैल) वेग घेणारा प्रवाह त्यावर चढतो, बेटाच्या दोन्ही अंगांनी दक्षिणेकडे उतरणारे पाणी त्याला येऊन मिळते आणि जो खळाळ उठतो त्याला तिकडचे खलाशी ‘रेस’ म्हणतात. पुराच्या गोदावरीत पुलाच्या खांबामागे पाणी कसे गरगरते, हे आपण पाहिलेले आहे. तिथे खांबाच्या जागी अख्खे बेट आहे आणि प्रवाह दर सहा तासांनी उलटतो. तो पूर्वेकडे वाहताना रेस भूशिराच्या आग्नेयेला असते, पश्चिमेकडे वाहताना नैर्ऋत्येला.

आतली वाट म्हणजे खडक आणि रेस यांच्यामधली शांत पाण्याची पट्टी. ती किनाऱ्यापासून जेमतेम दोनशे ते साडेपाचशे मीटरवर असते, त्यामुळे १९०६ सालचे लाल पट्ट्याचे पांढरे दीपगृह अगदी जवळून दिसते. पश्चिमेकडे जाताना डोव्हर या बंदराच्या (प्रवाहाच्या वेळा त्याच्याच भरतीवरून मोजतात) पूर्ण भरतीच्या १ तास आधीपासून २ तास नंतरपर्यंतच तिथे पोचावे लागते. शिवाय बेटाचा पूर्व किनारा भूशिराच्या किमान २ मैल उत्तरेलाच गाठून मग खाली उतरावे, नाहीतर तोच प्रवाह बोटीला रेसमध्ये ओढून नेतो. भरती-ओहोटीचे तक्ते ग्रीनिच वेळेत, इंग्लंडची उन्हाळी वेळ त्याच्या १ तास पुढे आणि आमचे घड्याळ साडेपाच तास पुढे; माझ्या पहिल्या हिशेबात तो १ तास मिळवायचा राहिला आणि ३ तासांच्या मुभेतला तिसरा हिस्सा कागदावरच बुडाला. रात्री तर ही वाट नकोच, कारण खेकड्यांच्या सापळ्यांचे बोये जोरदार प्रवाहात पाण्याखाली ओढले जातात आणि त्यांचा दोर पंख्यात अडकला की इंजिन बंद पडते.

बाहेरून जाताना भूशिरापासून किमान ३, शक्यतो ५ सागरी मैल दक्षिणेला राहावे आणि पूर्वेकडची शॅम्बल्स ही उथळ दांडीही उत्तरेकडे सोडावी. काही मैल वाढतात, पण वेळेची चूक पोटात घालणारी वाट हीच.

वेमथ बंदरातून निघणार असाल तर माझे मत आतल्या वाटेला आहे, कारण भूशिर तिथून इतके जवळ आहे की निघण्याची वेळ ठरवली की पोचण्याची वेळही ठरते. पूर्वेकडच्या पूल या बंदराहून किंवा त्याही पलीकडून येणाऱ्याला मात्र २० मैलांहून अधिक अंतर कापायचे असते. वारा पडला की सगळे गणित चुकते, म्हणून त्याने बाहेरूनच जावे. प्रवाहाच्या विरुद्ध जोराचा वारा असेल तर दोन्ही वाटा बंद समजाव्यात. विशेषतः नैर्ऋत्येचा वारा असेल, तर पुढच्या लाइम उपसागरात चेसिलचा गोट्यांचा किनारा वाऱ्याच्या तोंडी येतो आणि आसऱ्याला भरवशाचे बंदर मिळत नाही. भाच्याने वेमथला मुक्काम करून भांगाच्या भरतीच्या दिवसांत सकाळी आतून जाण्याचे ठरवले आहे.