तक्ता बघून 47,100 रुपये घालवले

ताईला टीबीच्या गोळ्या सुरू होऊन पाचवा आठवडा. आधी मळमळ, मग लघवी कोऱ्या चहासारखी, मग डोळे पिवळे. गोळ्यांनी यकृत बिघडलं होतं: यकृताला इजा दाखवणारं एसजीपीटी 1,140, कावीळ दाखवणारं बिलिरुबिन 9.4, दोन्ही खूप वाढलेले. सरकारी डॉक्टरांनी गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या, ॲडमिट व्हा म्हणाले. उपचार काय, तर ‘औषध थांबवलं हाच मोठा उपचार. बाकी आयएनआरवर लक्ष ठेवू.’ आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, यकृत काम करेनासं झालं की वाढतो. माणूस हळदीसारखा पिवळा पडलाय आणि हे म्हणे लक्ष ठेवणार! तिडीक गेली डोक्यात. ताईला घरी आणलं.

रात्री मोबाईलवर एनएसी (यकृत वाचवायला देतात ते एक औषध), स्टेरॉइड, प्लाझ्मा बदलणं, प्रत्यारोपण, सगळं शोधत बसलो. एका ठिकाणी नंबर टाकला, पंधरा मिनिटांत फोन. ‘दादा, सगळ्या उपचारांची तुलना करून देतो.’ फी 1,500. रंगीत तक्ता आला: खर्च, दिवस, ‘यश टक्के’. शेवटच्या हिरव्या रकान्यात त्यांचा एकवीस दिवसांचा कोर्स, 96 टक्के. भरले 18,600. दोन दिवसांनी ‘केस गंभीर आहे, स्पेशल अर्क लागेल’, आणखी 27,000.

त्या माणसाने ताई कुठली गोळी घेत होती हे एकदाही विचारलं नाही. एकदाही! केसपेपर लिहिणाऱ्या पोरगेल्या इंटर्नने पहिलं तेच विचारून पाकिटं मागून घेतली होती. यकृत कशाने बिघडलं त्यावर उपचार ठरतो. पॅरासिटामॉल जास्त झालं तर एनएसी, तेही पहिल्या आठ तासांत मिळालं तर उत्तम. फिटच्या व्हॅल्प्रोएटने झालं तर कार्निटिन. कॅन्सरच्या इम्युनोथेरपीने झालं तर स्टेरॉइड. टीबीत आयसोनायझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड तिन्हींवर संशय, म्हणून यकृत सावरल्यावर औषधं एकेक करून परत सुरू करतात. कारणाचा रकानाच नसलेला तक्ता मी बघत बसलो. मी डॉक्टर नाही हे खरं, पण हिशेबनीस आहे हो, रकाने तपासायचाच पगार घेतो.

चौथ्या दिवशी ताई चपलेला कुकर म्हणायला लागली. उचलून नेलं. आयएनआर 2.3. एनएसीची सलाईन लावली, पण मेंदूवर परिणाम वाढण्याआधी आणलं असतं तर जास्त उपयोग, हेही ऐकवलं. त्या कोर्सच्या पावडरीच्या डब्यावरची घटकांची यादी वाचून डॉक्टर ओरडलेच: गुळवेल! करोनाच्या काळात मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेलीने यकृत बिघडलेले रुग्ण नोंदवले होते. आणि मी चमच्याने भरवत होतो.

ताई वाचली. नुसतं एसजीपीटी उतरलं म्हणून पेढे वाटू नका, यकृत संपत आलं तरी ते उतरतं, आयएनआर विचारा.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तोवर पैसे पुढच्या खात्यात. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, ‘तुम्ही स्वतःच पाठवलेत ना? मग फसवणूक कसली?’ तीन तास बाकावर. औषधांच्या कार्यालयात गेलो. कावीळ बरी करण्याचा दावा औषधाला करताच येत नाही, अशा रोगांची यादीच औषध नियमांत ‘अनुसूची जे’ म्हणून आहे, हे मीच त्यांना सांगितलं. तर म्हणे डब्यावर ‘आहार पूरक’ लिहिलंय, अन्नाच्या टेबलावर जा. अन्नाच्या टेबलावर: दावा रोगाचा आहे, औषधाकडे जा. बिल घेतलं नव्हतं, त्यावरूनही बोलणी खाल्ली. तुम्ही बिल घ्या, आणि तक्त्याचा स्क्रीनशॉट लगेच. मला पाठवलेला तक्ता त्यांनी चॅटमधून ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केला.

उरलेली पावडर तपासून तरी द्या म्हटलं. सील तुटलेला नमुना घेत नाहीत. डबा स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवलाय, आत चमचा तसाच.