विंडोज ११: होम ठेवायचं की प्रो घ्यायचं?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीचे हिशेब बघणारा माझा मावसभाऊ आठवडाभर याच विचारात अडकलाय.

होम आणि प्रो या विंडोजच्याच दोन आवृत्त्या. वेग दोन्हींचा सारखाच. प्रो टाकून जुनं मशीन पळायला लागत नाही. होम आधीपासून असेल तर जादा खर्च नाही. प्रोला एकदाच पैसे, सेटिंग्जमध्ये ‘की’ (परवान्याचा कोड) टाकायची, फाइली जागेवर राहतात.

खरा फरक रिमोट डेस्कटॉपचा. विश्रामबागच्या घरी बसून यार्डातला संगणक चालवायचा, तर प्रो यार्डातल्या मशीनवर हवं. घरच्याला होम चालतं. दुसरं बिटलॉकर, म्हणजे प्रोमधली डेटा कुलूपबंद करायची सोय: पेनड्राइव्हलाही कुलूप लावता येतं. शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या त्यातूनच फिरतात, म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं. पासवर्ड विसरला तर कुलूप उघडणारी ‘रिकव्हरी की’ मात्र कागदावर लिहून कपाटात ठेवा.

मुलांचा अभ्यास, वीजबिल, व्हिडिओ एवढंच असेल तर होम पुरे. भावाला सांगितलं, यार्डातल्या एकाच मशीनवर प्रो घे.