बसने गाठता येणाऱ्या सपाट पायवाटा : हॅम्बुर्गच्या आसपास एका हंगामाचा अनुभव

जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये गाडीवाचून राहणाऱ्या कुटुंबाला शहराबाहेरच्या खेड्यांत रमतगमत चालायला जाता येते का, याचा अनुभव आम्ही एप्रिल ते ऑक्टोबर 2025 या काळात घेतला. जाता येते, आणि फार चांगले जाता येते. मात्र आधी परतीची बस निवडावी आणि मग तिला जुळणारी पायवाट. घरात आम्ही दोघे, आणि उन्हाळ्यात पुण्याहून आलेले सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे चढउताराला साथ देत नाहीत, त्यामुळे सपाट वाट, अधूनमधून टेकायला बाक आणि आठ-नऊ किलोमीटरच्या आत संपणारे अंतर एवढे आम्ही प्रत्येक वेळी पाहून घेत होतो.

आमचा सगळा प्रवास डॉइचलांड-तिकिटावर झाला. मे 2023 मध्ये ते 49 युरोंना सुरू झाले आणि 2025 मध्ये त्याचे महिन्याला 58 युरो पडत होते. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या सोडल्या, तर देशभरातल्या प्रादेशिक रेल्वे आणि खेड्यापाड्यांच्या बस त्यावर चालतात. खरा फायदा पैशांपेक्षाही मोकळेपणाचा आहे. एका गावात उतरून दुसऱ्याच गावातून परत फिरायचे असेल, तरी भाड्याचे टप्पे मोजत बसावे लागत नाही. हे तिकीट मासिक वर्गणीचे असते आणि पुढचा महिना नको असेल तर चालू महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द करावे लागते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

एप्रिलच्या अखेरीस आम्ही एल्ब नदीकाठच्या आल्टेस लांड या फळबागांच्या पट्ट्यापासून सुरुवात केली. बाराव्या शतकात हॉलंडकडून आलेल्या वसाहतकरांनी ही दलदल चर खणून आणि बांध घालून लागवडीखाली आणली, त्यामुळे सगळा मुलूख तळहातासारखा सपाट आहे. श्टाइनकिर्खेन गावात बसमधून उतरलो, तिथला ल्यूहे नदीवरचा पांढरा लाकडी पूल पाहिला आणि बांधावरून नदीच्या मुखाकडे चालत गेलो. एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला सफरचंद-चेरीच्या फुललेल्या रांगा, अशी ती वाट आहे. थंडीची लाट आली की रात्री बागांवर पाण्याचे फवारे सोडतात; कळ्यांवर पाणी गोठताना जी उष्णता बाहेर पडते, तिने फूल तगते. बांधावर मेंढ्या चरत असतात, म्हणून वाटेतले प्रत्येक फाटक ओलांडल्यावर लावून घ्यायचे असते. वारा मात्र सतत अंगावर येतो, त्यामुळे वृद्धांसाठी कानटोपी जवळ असावी.

मनात भरली ती मात्र ल्यूनेबुर्गर हाइडे, म्हणजे हीदर नावाच्या झुडपांचे विस्तीर्ण माळरान, आणि तिथे आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. 15 जुलै ते 15 ऑक्टोबर या काळात ‘हाइडे-शटल’ नावाची बस या भागातल्या गावांना जोडत वर्तुळाकार मार्गांवर फिरते. ती पूर्णपणे मोफत आहे आणि सायकलींसाठी तिच्यामागे वेगळी गाडी जोडलेली असते. हॅम्बुर्गहून रेल्वेने बुखहोल्झपर्यंत जावे आणि तिथून ही बस धरावी. उंडेलोह गावी उतरून विल्झेडेपर्यंत साधारण चार किलोमीटर आणि पुढे नीडरहाफरबेकपर्यंत जवळपास तेवढेच, अशी ही एकाच दिशेची वाट आहे. आल्या वाटेने परतावे लागत नाही, हा बसने जाणाऱ्याचा फायदा गाडीवाल्यांना मिळत नाही. विल्झेडेमध्ये पर्यटकांच्या मोटारींना प्रवेश नाही. लोक चालत किंवा घोडागाडीने येतात. सासूबाई उंडेलोहपासून विल्झेडेपर्यंत घोडागाडीने आल्या आणि तिथून आमच्याबरोबर टोटनग्रुंडच्या काठापर्यंत चालल्या. जुनिपरच्या उंच, काळपट झुडपांनी भरलेला तो खोलगट भाग एगेस्टोर्फचे धर्मगुरू विल्हेल्म बोडे यांनी 1906 मध्ये एका प्राध्यापकाच्या पैशांतून विकत घेऊन वाचवला. जवळचा विल्झेडर बेर्ग हा डोंगर अवघा 169 मीटर उंच असूनही आसपासच्या मैदानात तोच सर्वांत उंच आहे, म्हणूनच हानोवर राज्याची मोजणी करताना गणितज्ञ गाउस यांनी तो वापरला.

हीदरची जांभळी फुले ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यांपर्यंत असतात. हे माळरान आपोआप टिकलेले नाही. हाइडश्नुक्के जातीच्या करड्या, शिंगवाल्या मेंढ्या हीदरचे शेंडे आणि बर्च-पाइनची रोपे खुडतात, म्हणून तिथे जंगल माजत नाही. एका सकाळी कळप अगदी वाटेवर आला. मेंढ्यांची तोंडे व पाय काळेभोर होते आणि दाढांखाली हीदरच्या काटक्या मोडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. सासरे लहानपणी गावाकडच्या धनगरांच्या वाड्यावर राहिलेले आहेत. ते मेंढपाळाशी खुणांनी बराच वेळ बोलत होते. ऐन बहरात शनिवार-रविवारी बस खच्चून भरते, म्हणून मंगळवार-बुधवारची सकाळ धरावी.

श्नेवरडिंगेन गावाजवळच्या पीट्समोर या दलदलीकडे जायला हंगामाची वाट पाहावी लागत नाही, कारण गावापर्यंत रेल्वे आहे. दलदलीवर लाकडी फळ्यांची वाट बांधलेली असून पूर्ण फेरी सुमारे पाच किलोमीटरची आहे. पूर्वी इथे जळणासाठी पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती, खणत असत. आता पाणी अडवून दलदल पुन्हा भरू दिली आहे. मे महिन्यात तिथे कापसासारखे पांढरे गोंडे डोलतात. पावसानंतर फळ्या निसरड्या होतात, आणि ऊन खात पडलेला घोणसासारख्या जातीचा विषारी साप दिसू शकतो, म्हणून वाट सोडू नये.

आता तक्रारी. हाइडे-शटल नसते तेव्हा खेड्यांतल्या बस मुख्यतः शाळकरी मुलांसाठी धावतात आणि वेळापत्रकातली बारीक खूण सांगते की अमुक फेरी फक्त शाळेच्या दिवशी आहे. हे दिवस ही खेडी ज्यात येतात त्या नीडरझाक्सन राज्याच्या सुट्ट्यांप्रमाणे ठरतात, आणि हॅम्बुर्गच्या सुट्ट्या वेगळ्या असतात, हे शहरातून येणाऱ्यांनी तपासायलाच हवे. रविवारी अनेक मार्गांवर फोन करून मागवायची बसच तेवढी असते. आम्ही रीतसर नोंदवलेली अशी एक बस आलीच नाही आणि ज्येष्ठांना घेऊन पुढच्या गावापर्यंत चालावे लागले. तो दिवस विसरता येत नाही. म्हणून शेवटच्या बसवर कधीही विसंबू नये, तिच्या आधीची धरावी आणि जवळच्या टॅक्सीचा नंबर लिहून ठेवावा. शौचालये कमी आहेत, लहान गावांतली उपाहारगृहे काही दिवस बंद असतात, म्हणून पाणी आणि दशम्या सोबत असू द्याव्यात. गवतातून आल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेपाशी गोचीड चिकटली आहे का, ते त्याच संध्याकाळी पाहावे.

थंडीसाठी आम्ही तिकीट चालू ठेवले आहे, पण डिसेंबरात चारच्या सुमारासच सूर्य मावळत असल्याने सकाळच्या रेल्वेने जाता येतील एवढ्याच वाटा, म्हणजे मुख्यतः पीट्समोर, आम्ही ठेवल्या आहेत. सासू-सासरे पुन्हा येतील तेव्हा ऑगस्टचा दुसरा पंधरवडा साधावा, असे त्यांनीच सुचवले आहे.