सायकल लेन वाचवायची आहे: रस्त्यावर बसायचं की कोर्टात जायचं?

आपल्या रस्त्यावरची सायकल लेन काढणार अशी बातमी आली की रहिवाशांच्या पहिल्याच बैठकीत दोन तट पडतात. काहीजण म्हणतात, मशीन आलं की आडवे पडू. बाकीचे म्हणतात, आधी वकील गाठा. हाताशी वेळ थोडा, पैसा त्याहून थोडा, त्यामुळे कुठे जोर लावायचा हे ठरवावंच लागतं. कॅनडातल्या टोरोंटो शहराने हे दोन्ही मार्ग चालून पाहिले आहेत, आणि दोन्ही वेळा समोर एकाच घरातले दोन भाऊ होते. म्हणून तुलना तिथलीच करतो.

आधी जार्व्हिस स्ट्रीट. पाच पदरी रस्त्याचा मधला पदर काढून 2010 मध्ये तिथे दोन्ही बाजूंना सायकल लेन आखल्या गेल्या. आखल्या म्हणजे नुसते रंगाचे पट्टे, कठडा नाही की खांब नाही. वर्षभरातच, रॉब फोर्ड महापौर असताना, सिटी कौन्सिलने त्या काढायचा ठराव केला. पालिकेच्याच अधिकाऱ्यांचा अहवाल सांगत होता की सायकली जवळपास तिपटीने वाढल्या आहेत आणि गाड्यांची संख्या आहे तेवढीच आहे. तरी मतं पडायची तशी पडली. नोव्हेंबर 2012 मध्ये पट्टे खरवडणारा ट्रक आला, तेव्हा लोक त्याच्या पुढ्यात बसले. ट्रक अडला, फोटो छापून आले, शहरभर चर्चा झाली. वर्ष संपेपर्यंत पट्टे मात्र गेलेले होते.

त्या लोकांच्या धैर्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ट्रक येईपर्यंत लढाई संपलेली होती. लेन आखणारी आणि पुसणारी संस्था एकच होती, तिने बहुमताने ठराव केला होता, आणि जवळच्या शेरबोर्न स्ट्रीटवर कठड्याची लेन देऊन ‘पर्याय दिलाय की’ असं म्हणायची सोयही करून ठेवली होती. अशा वेळी रस्त्यावर बसून दिवस मिळतात, लेन मिळत नाही.

आता टोरोंटोतलेच दुसरे तीन रस्ते: ब्लोर, यंग आणि युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यू. नोव्हेंबर 2024 मध्ये, टोरोंटो ज्यात येतं त्या ओंटारिओ प्रांताच्या सरकारने कायदा करून या तीन रस्त्यांवरच्या लेन काढायचं ठरवलं. मुख्यमंत्री डग फोर्ड, रॉब यांचे भाऊ. लांबी सुमारे 19 किलोमीटर. बांधायला सुमारे 2 कोटी 70 लाख डॉलर लागले होते आणि काढायला 4 कोटी 80 लाख लागतील, असा पालिकेचा अंदाज होता. पण या वेळी चित्र वेगळं होतं. पालिका आणि महापौर ऑलिव्हिया चाऊ लेनच्या बाजूने होत्या. ब्लोरवरच्या ॲनेक्स भागातले व्यापारीही बाजूने होते, कारण लेन आल्यावर गिऱ्हाईक वाढल्याचं त्यांनी गल्ल्यावर बसून पाहिलं होतं. पश्चिमेकडच्या एटोबिकोक भागातले काही दुकानदार मात्र कडाडून विरोधात होते, हेही सांगायला हवं. त्यांना गाडीतून येणाऱ्या गिऱ्हाइकाची काळजी होती आणि ती खोटी नव्हती.

सायकल टोरोंटो ही संस्था आणि दोन सायकलस्वार कोर्टात गेले. एप्रिल 2025 मध्ये न्यायमूर्ती पॉल शाबास यांनी स्टे दिला आणि 30 जुलैला निकाल लागला: लेन काढणं हा जीविताच्या आणि शारीरिक सुरक्षिततेच्या हक्काचा भंग आहे.

हा निकाल नीट वाचला पाहिजे, कारण निवड करताना खरा उपयोग त्याचाच आहे. सायकल लेन मिळणं हा कुणाचा हक्क आहे, असं न्यायमूर्तींनी म्हटलेलं नाही. सरकारने नवी लेन बांधलीच पाहिजे, असंही नाही. मुद्दा एवढाच की माणसं ज्या आडोशाने सुरक्षित जातायत तो आडोसा सरकार उठून काढत असेल, त्यातून माणसं जखमी होतील, मरतील हे दिसत असेल, आणि ज्या कारणासाठी काढताय ते कारणच पुराव्यात टिकत नसेल, तर ती मनमानी झाली. वाहतुकीची कोंडी फुटेल हे सरकारचं कारण टिकलं नाही, कारण सरकारला मिळालेल्या सल्ल्यातच लेन काढून कोंडी कमी होईलच असं नाही, असं लिहिलेलं होतं. वर कायद्यात एक कलम घुसवलेलं होतं: लेन काढल्यामुळे कुणी जखमी झालं तर सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावता येणार नाही. धोका माहीतच नव्हता, असं मग कोणत्या तोंडाने सांगणार?

आडोसा म्हणजे काय, ते ब्लोरवर जुलै 2024 मध्ये दिसलं होतं. बांधकामाच्या राडारोड्याची लोखंडी कचरापेटी लेनमध्येच ठेवलेली. सायकलवरून येणारी एक तरुणी पेटीला वळसा घालायला गाड्यांच्या पदरात आली आणि ट्रकखाली गेली. लेन अडली होती ती केवळ एका पेटीएवढी.

म्हणून कोर्टच धरा, असं मी सरसकट म्हणणार नाही. लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरची लेन डिसेंबर 2020 मध्ये, आखल्यापासून सात आठवड्यांत काढली गेली. तिथलेही रहिवासी हायकोर्टात गेले आणि 2023 मध्ये हरले. तिथे काढणारी स्थानिक कौन्सिलच होती, जार्व्हिससारखीच. टोरोंटोतही सरकार लगेच अपिलात गेलं, आणि 2025 संपण्याआधी दुसरा कायदा आणून गाड्यांचा पदर कमी करून नवी सायकल लेन करायलाच बंदी घातली. कोर्टाने असलेलं वाचवलं, पुढचं दार बंद झालं.

माझं मत असं: लेन तुमचीच महापालिका काढत असेल, तर सगळा जोर ठरावाच्या आधी लावा. नगरसेवकांच्या दारात, दुकानदारांना सोबत घेऊन. ठराव झाल्यावरचं धरणं उशिराचं आहे. वरचं सरकार किंवा एखादं प्राधिकरण पालिकेला डावलून काढत असेल, तर कोर्ट, आणि रस्त्यावरची गर्दी कोर्टाबाहेर पाठबळ म्हणून.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातले सायकल ट्रॅक काढून रस्ता रुंद करायचं एमएमआरडीए या प्राधिकरणाने ठरवलं, तेव्हा हाच प्रश्न आपल्या दारात आला. आपल्याकडे घटनेचं कलम 21 आहे, जगण्याच्या हक्काचं. खड्डे नसलेले, नीट राखलेले रस्ते हा त्याच कलमातला हक्क असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये म्हटलं, आणि मोकळ्या फुटपाथबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये तेच सांगितलं. सायकल ट्रॅकचा युक्तिवाद तिथून फार लांब नाही. अडचण पुराव्याची आहे. ट्रॅकवर टपऱ्या, दुचाक्या उभ्या राहतात, सायकलवाला बाहेर पडतो, आणि मग ‘वापरतंच कोण’ म्हणून तोच ट्रॅक काढायला कारण मिळतं.

तेव्हा वकील ठरवण्याआधी कोपऱ्यावर एक वही घेऊन दोघं बसा. सकाळी साडेआठ ते साडेदहा, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, निदान दोन आठवडे. शाळकरी मुलं, बायका, डिलिव्हरीवाले, कामावर जाणारे वेगळे मोजा. ट्रॅक कशाने अडलाय त्याचे वेळेसकट फोटो काढा. आणि त्याच आठवड्यात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका, त्यात एकच ओळ पुरे: ट्रॅक काढल्याने कोंडी कमी होईल आणि अपघात वाढणार नाहीत, हे ज्या अभ्यासावरून ठरवलं त्याची प्रत द्यावी.